चार्जर म्हणतो ‘फुल’, स्कूटर म्हणते ‘संपलं’

इलेक्ट्रिक सायकली आणि स्कूटरींच्या दुरुस्तीत एक तक्रार वारंवार कानावर येते. रात्री चार्जिंगला लावली, सकाळी चार्जरचा दिवा हिरवा होता, पण निम्म्या वाटेत गाडी बंद पडली. पूर्वी अर्धा दिवस लागायचा तिथे आता दोन तासांत दिवा हिरवा होतो, हेही त्याच दमात सांगितलं जातं. मालकाची खात्री असते की बॅटरी गेली. मेकॅनिक आधी चार्जर बदलून बघतो, मग बीएमएस, म्हणजे बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट बदलतो, आणि शेवटी नव्या पॅकचा भाव सांगतो. पॅक उघडून प्रत्येक ग्रुपचं व्होल्टेज मोजलं तर मात्र पुष्कळदा दिसतं की तेरापैकी बारा ग्रुप ठणठणीत आहेत आणि घोळ एकाच ग्रुपचा आहे.

हा घोळ शोधण्याची एक पद्धत आहे. महागडी यंत्रं नसली तरी चालतं. एक बरा डिजिटल मल्टिमीटर, वही आणि संयम एवढ्यावर बहुतेक निदान होतं. अट एकच, काहीही बदलण्याआधी मोजायचं.

तेरा ग्रुपांची पंगत

उदाहरणासाठी ४८ व्होल्टचा, सायकलीवर सर्रास दिसणारा पॅक घेऊ. त्यात १८६५० आकाराचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे सेल असतात. चार सेल पॅरलल जोडून एक ग्रुप होतो आणि असे तेरा ग्रुप सिरीजमध्ये जोडलेले असतात. या जुळणीला १३एस ४पी म्हणतात. सेल २.५ अँपिअर-अवरचा असेल तर ग्रुपची, आणि म्हणून अख्ख्या पॅकची, क्षमता १० अँपिअर-अवर होते. पूर्ण भरल्यावर प्रत्येक ग्रुप ४.२ व्होल्टवर यायला हवा. तेराने गुणलं की ५४.६ व्होल्ट होतात, आणि चार्जरवरही हाच आकडा छापलेला असतो.

सिरीजमध्ये प्रत्येक ग्रुपमधून तेवढाच करंट वाहतो. पंगतीत वाढपी सगळ्यांना सारखंच वाढत जातो, तसं हे आहे. फरक इतकाच की इथे एकाने पानावर हात आडवा धरला की अख्ख्या पंगतीचं वाढणं थांबतं. हात आडवा धरण्याचं काम बीएमएस करतं. एखादा ग्रुप साधारण ४.२५ व्होल्टपर्यंत पोचला की ते चार्जिंगचा मार्ग तोडतं, मग बाकीचे बारा कितीही रिकामे असोत.

आता हिशेब करून पाहू. बारा ग्रुप ३.९५ व्होल्टवर आहेत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भरलेले, आणि तेरावा ४.२५ वर पोचला. एकूण व्होल्टेज ५१.६५ झालं आणि बीएमएसने चार्जिंग तोडलं. चार्जरला आतलं काही दिसत नाही. करंट शून्य झाला एवढंच त्याला कळतं, आणि करंट थांबणं म्हणजे पॅक भरणं असं मानून तो हिरवा दिवा लावतो. म्हणून पहिली खूण पॅक न उघडताच मिळते. हिरवा दिवा लागल्यावर चार्जर काढून पॅकचं व्होल्टेज मोजायचं. ५४ च्या वर असेल तर ठीक. ५१-५२ वर अडलं असेल तर चार्जिंग पूर्ण झालेलं नाही, मध्येच तोडलं गेलेलं आहे.

बॅलन्सिंग लागतंच कशाला?

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीतही सहा सेल सिरीजमध्येच असतात, पण तिला सेलची पातळी सारखी करणारं, म्हणजे बॅलन्सिंगचं सर्किट लागत नाही. तिचा एखादा सेल भरल्यावरही करंट येत राहिला तर आतल्या पाण्याचं विघटन होऊन वायू सुटतो. जास्तीची ऊर्जा त्यात जिरते आणि मागे राहिलेल्या सेलला पुढे यायला वेळ मिळतो. थोडं जास्त चार्ज करून सगळे सेल एका पातळीवर आणण्याची जुनी रीत यावरच उभी आहे.

लिथियम-आयनमध्ये असा सुरक्षित निचरा नाही. भरलेल्या सेलमध्ये आणखी करंट ढकलला तर ऋण टोकाच्या ग्राफाइटवर धातुरूप लिथियम साचू लागतं, धन टोकाचा पदार्थ अस्थिर होतो आणि इलेक्ट्रोलाइट विघटित होऊ लागतं. सोनीने १९९१ साली हे सेल बाजारात आणले. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कमी वजनात इतकी ऊर्जा देणारा हा सेल व्होल्टेजच्या बाबतीत मात्र फार काटेकोर आहे. ४.२ व्होल्टवर ०.०५ व्होल्टची चूक त्याला जेमतेम चालते. म्हणून बरोबरी साधण्याचं काम बाहेरच्या सर्किटला करावं लागतं.

बहुतेक स्वस्त बीएमएसमध्ये याची सोय साधी असते. प्रत्येक ग्रुपवर एक रेझिस्टर आणि त्याला चालू-बंद करणारा एक मॉसफेट. ग्रुप ४.१८ ते ४.२ व्होल्टच्या आसपास पोचला की मॉसफेट चालू होतो आणि जास्तीची ऊर्जा रेझिस्टरमधून उष्णता होऊन निघून जाते. हा करंट अगदी लहान, बहुधा ३० ते १०० मिलिअँपिअर असतो. आपल्या उदाहरणात फरक साधारण २.५ अँपिअर-अवरचा आहे. ५० मिलिअँपिअरने तो भरून काढायला सलग ५० तास लागतील. दिवा हिरवा झाल्याबरोबर प्लग काढणाऱ्या माणसाच्या पॅकला ते कधीच मिळत नाहीत. छोटा फरक हे सर्किट मिटवतं, मोठा फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. मोठा फरक दिसला की प्रश्न बदलतो. बॅलन्सिंग का होत नाही, यापेक्षा हा फरक पडलाच का, हे आधी विचारायला हवं.

बाहेरून आत

तपासाला चार्जरपासून सुरुवात करावी. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आउटपुट देत नाहीत, बाकीच्यांचं व्होल्टेज सरळ मोजता येतं. इथे नावाने फसगत होते. ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाखाली बाजारात वेगवेगळे पॅक मिळतात. तेरा ग्रुपांच्या एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट पॅकला ५४.६ व्होल्टचा चार्जर लागतो, चौदा ग्रुपांच्या पॅकला ५८.८ चा आणि सोळा ग्रुपांच्या एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकला ५८.४ चा. पिन बसली म्हणून ५८.८ चा चार्जर तेरा ग्रुपांच्या पॅकला लावला तर प्रत्येक ग्रुपच्या वाट्याला ४.५२ व्होल्ट येतात. मग पॅक आणि आग यांच्यामध्ये फक्त बीएमएसचे मॉसफेट उरतात. त्यामुळे चार्जर बदलताना लेबलवरचं नाव बाजूला ठेवून आउटपुटचा आकडा बघावा.

चार्जर बरोबर असेल तर पोर्ट, फ्यूज आणि वायर तपासायच्या. नंतर बीएमएस. पॅकच्या प्लसपासून बीएमएसच्या बी-मायनसपर्यंत एक वाचन घ्यायचं आणि प्लसपासून पी-मायनसपर्यंत दुसरं. दोन्ही सारखी असतील तर बाहेर जाणारा मार्ग चालू आहे. पहिलं ४८ आणि दुसरं भलतंच काही दाखवत असेल तर बीएमएसने मार्ग बंद केलेला आहे. चार्जिंगची वायर वेगळी असेल तर तेच वाचन सी-मायनसवर घ्यायचं. मात्र बीएमएसने मार्ग बंद केला याचा अर्थ बीएमएस खराब असा होत नाही. बहुतेक वेळा ते आपलं काम चोख करत असतं.

एक कारण हमखास नजरेतून निसटतं, ते म्हणजे तापमानाचा सेन्सर. पॅकमध्ये सहसा २५ अंशांना १० किलोओहम रोध असलेला थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो. त्याची बारीक वायर तुटली की रोध अनंत होतो, बीएमएसला वाटतं पॅक गोठलाय, आणि ते चार्जिंग नाकारतं. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ग्राफाइटवर लिथियम साचतं, म्हणून ही बंदी असते. वरची मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ अंशांची. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवाच त्या आकड्यापर्यंत जाते. तिथे उन्हात उभ्या असलेल्या किंवा नुकत्याच दामटलेल्या गाडीला चार्जर लावला आणि चार्जिंग सुरू झालं नाही, तर तो बिघाड नव्हे. गाडी सावलीत तासभर निवू द्यावी.

तेरा आकडे आणि त्यांचा अर्थ

खरं निदान ग्रुपांच्या वाचनातून होतं. चार्जिंगनंतर पॅक तासभर शांत ठेवायचा, मीटर २० व्होल्टच्या रेंजवर घ्यायचा आणि एकेका ग्रुपचं व्होल्टेज थेट निकेलच्या पट्टीवर मोजून लिहायचं. २०० व्होल्टच्या रेंजवर साधा मीटर फक्त दशांश दाखवतो, आणि आपल्याला हवा असलेला फरक त्याहून बारीक असतो. अशी वाचनं दोनदा लागतात, एकदा चार्जिंग तुटल्यावर आणि एकदा गाडी बंद पडल्यावर. एकाच वेळची वाचनं घेऊन निष्कर्ष काढला की निदान चुकतं.

एखादा ग्रुप भरताना सगळ्यांत वर आणि संपताना सगळ्यांत खाली दिसत असेल, तर त्याची क्षमता घटली आहे. लहान भांडं लवकर भरतं, लवकर रिकामं होतं. सेल म्हातारा झाला असेल किंवा चारपैकी एकाचं स्पॉट वेल्डिंग सुटलं असेल. वेल्डिंग सुटलं तर ग्रुपची क्षमता तीन चतुर्थांशच उरते. असा ग्रुप कितीही बॅलन्स केला तरी पुन्हा पहिल्या जागी येतो, त्यामुळे त्यावर बॅलन्सिंगचा वेळ घालवण्यात अर्थ नाही.

भरतानाही खाली आणि संपतानाही खाली असलेल्या ग्रुपची क्षमता शाबूत असू शकते, फक्त तो मागे पडलेला आहे. त्याला वेगळं चार्ज करून बरोबरीला आणता येतं. पण तो मागे का पडला, हे शोधल्याशिवाय काम संपलं असं मानू नये. उलट, दोन्ही वेळा वर दिसणारा ग्रुप बहुतेकदा निर्दोष असतो. त्यात नुसता साठा जास्त आहे.

शांत असताना बाकीच्यांच्या बरोबर, पण लोड येताच धाडकन पडणारा ग्रुप रोध वाढल्याचं सांगतो. एका सेलचा अंतर्गत रोध ४० मिलिओहम धरला तर चार पॅरललचा १० मिलिओहम होतो, आणि १० अँपिअरला व्होल्टेज ०.१ ने पडणं साहजिक आहे. बाकीचे एवढेच पडत असताना एखादा ०.३५ ने पडला, तर सेल थकलाय किंवा सांधा सैल आहे. चढावर बंद पडणारी आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू होणारी गाडी अनेकदा असाच ग्रुप घेऊन फिरत असते.

चौथी खूण गमतीची आहे. बीएमएसच्या मोबाइल ॲपवर शेजारशेजारचे दोन ग्रुप दिसतात, एक भलताच वर आणि दुसरा तेवढाच खाली, पण दोघांची बेरीज बरोबर. पट्टीवर थेट मोजलं तर दोघेही समान. इथे सेलचा काही दोष नाही. त्या दोघांच्या मधली सेन्स वायर, म्हणजे बीएमएसला व्होल्टेज कळवणारी बारीक वायर, तुटली आहे किंवा प्लगमधली पिन गंजली आहे. अशा दोन रुपयांच्या वायरीपायी चांगले पॅक भंगारात गेले आहेत.

एलएफपी पॅकसाठी एक सावधगिरी. त्याचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं. २० ते ८० टक्क्यांदरम्यान ते इतकं कमी बदलतं की साठ्यातला मोठा फरकही मीटरवर दिसत नाही. तिथे तुलना ३.४ व्होल्टच्या वर, चार्जिंगच्या शेवटीच करायची.

गळती सेलची की सर्किटची?

एक ग्रुप बरोबरीला आणला आणि पंधरा दिवसांत तो पुन्हा मागे पडला, तर संशयित दोनच. सेल आतून गळतोय किंवा बीएमएस बाहेरून ओढतंय. बॅलन्सिंगचा मॉसफेट शॉर्ट होऊन कायम चालू राहिला, तर १०० ओहमचा रेझिस्टर ३.७ व्होल्टला ३७ मिलिअँपिअर ओढत राहतो. आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाला जवळपास ०.९ अँपिअर-अवर जातात, आणि उभ्या गाडीतला १० अँपिअर-अवरचा ग्रुप अकरा-बारा दिवसांत रिकामा होतो.

यावर पक्की परीक्षा आहे. सगळे ग्रुप बरोबरीला आणायचे, एक दिवस स्थिरावू द्यायचे, सेन्स वायरींचा प्लग काढायचा, मिलिव्होल्टपर्यंतची वाचनं लिहायची आणि पॅक दोन आठवडे बाजूला ठेवायचा. प्लग काढलेला असतानाही तोच ग्रुप खाली गेला तर दोष सेलचा. प्लग काढल्यावर तो स्थिर राहिला आणि लावल्यावर घसरू लागला तर दोष बीएमएसचा. घाई असेल तर पॅक निवांत असताना बॅलन्सिंगच्या प्रत्येक रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजावं. तिथे शून्य हवं. एकावरच तीन-चार व्होल्ट दिसले आणि तो कोमटही लागला, तर चोर सापडला.

दुरुस्ती, आणि तिची सीमा

वर गेलेला ग्रुप खाली आणायला ३.९ ओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर पुरतो. ४.२ व्होल्टला तो सुमारे १.१ अँपिअर ओढतो, म्हणजे २.५ अँपिअर-अवरचा फरक अडीच तासांच्या आत जातो. तो चांगलाच तापतो, म्हणून प्लास्टिकपासून लांब ठेवावा आणि जागचं हलू नये. मागे पडलेल्या ग्रुपला ४.२ व्होल्टवर थांबणाऱ्या एकाच सेलच्या चार्जरने भरावं. टीपी४०५६ चिपचा छोटा बोर्ड यासाठी चालतो, मात्र त्याचा पुरवठा आयसोलेटेड हवा. एकाच यूएसबी पुरवठ्यावर असे दोन बोर्ड लावून दोन ग्रुप एकदम भरायला गेलं तर दोघांचे मायनस आतून जोडले जातात आणि मधला ग्रुप शॉर्ट होतो.

बीएमएस बदलताना सेन्स प्लग आधी काढायचा आणि सगळ्यांत शेवटी लावायचा. लावण्याआधी पॅकच्या मायनसपासून प्लगची एकेक पिन मोजायची. ३.७, ७.४, ११.१ अशी चढती रांग मिळायला हवी. एक वायर इकडची तिकडे झाली तर नवं बीएमएस लावताक्षणी जळतं.

दोन व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला सेल जिवंत करण्याचा मोह टाळावा. इतक्या खाली ऋण टोकाचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं आत भलत्या ठिकाणी बसून शॉर्ट होऊ शकतं. बीएमएस अशा सेलला चार्जिंग नाकारतं तेव्हा त्याला बगल देऊन थेट चार्जर जोडणं म्हणजे आग विकत घेणं. फुगलेला, गोडसर वास येणारा, पाणी शिरलेला किंवा ठेचलेला सेल मोजण्याच्याही लायकीचा नसतो. तो थेट बाजूला काढायचा.

उघड्या पॅकवर काम करताना अंगठी, घड्याळ, कडं उतरवून ठेवावं, डोळ्यांवर चष्मा असावा आणि मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला नाही हे दर वेळी बघावं. तो तिथे असताना व्होल्टेज मोजायला जाणं म्हणजे पॅक शॉर्ट करणं. वॉरंटीतला पॅक उघडू नये. ज्याने आजवर सोल्डरिंगचा बोल्टही हातात धरला नाही, त्याने बाहेरून मोजण्यापुरतंच थांबावं.

ही भीती कल्पनेतली नाही. मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या उन्हाळ्यात अशा आणखी घटना घडल्या आणि केंद्र सरकारने एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. सेल, बीएमएस, चार्जर, पॅकची रचना आणि एका सेलची आग दुसऱ्याकडे पसरणं या सगळ्यांसाठी वाढीव अटी आल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे बाद सेल घरच्या कचऱ्यात टाकायला कारण उरलेलं नाही.

आपण स्वतः पॅक उघडणार नसलो तरी यातली एक गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याला करता येते. पॅक बदलावा लागेल असं दुकानदाराने सांगितलं, तर तेराही ग्रुपांची वाचनं मागा. भरल्यावरची आणि संपल्यावरची, दोन्ही, कागदावर. जो ती देऊ शकतो त्याच्याकडे पॅक निर्धास्त सोपवा. जो नुसतं एकूण व्होल्टेज सांगून नव्या पॅकचा भाव पुढे करतो, त्याने अजून तपासायला सुरुवातही केलेली नाही.